रुतलेल्या फोर-बाय-फोरच्या मालकांस

रा. रा. फोर-बाय-फोरवाले साहेब यांस,
सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

गेल्या डिसेंबरातल्या अमावास्येला संध्याकाळी आपण आमच्या दापोली तालुक्यातल्या एका पुळणीवर गाडीसकट दर्शन दिलंत. जाताना नाव-पत्ता ठेवून गेला नाहीत. घाईत होतात, शिवाय कमरेपर्यंत भिजलेलेही होतात. म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहावं लागतंय. वाचताना ओळख पटली तरी लाजू नका. तुमच्यासारखे दर शनिवार-रविवारी इतके येतात की सगळं श्रेय एकट्यानं घेणं बरं दिसणार नाही.

आधी कौतुक करू द्या. तुमच्या सहलीचं नियोजन सगळ्या वाडीनं पाहिलं. ड्रोन होतं. गाण्याचा भोंगा होता. गाडीच्या टपावर दिव्यांची पट्टी होती, तिच्या उजेडात एखादं लग्न सहज लागलं असतं. सुरमईची थाळी सकाळीच फोनवरून सांगून ठेवली होती, तीही ‘तिखट बेताचं’ अशा सूचनेसह. सूर्य किती वाजून किती मिनिटांनी बुडणार, हे तुम्ही मोबाईलवर बघून ठेवलं होतं, म्हणजे रीलमध्ये गाडी आणि मावळतीचा गोळा एका रेषेत यावेत. समुद्र किती वाजता येणार, एवढं बघायचं तेवढं राहिलं.

आता पुढच्या खेपेसाठी सांगून ठेवतो, कारण तुम्ही परत येणार याबद्दल इथं कुणालाच शंका नाही. भरतीची वेळ काढायला ॲप लागत नाही, तिथी लागते. तिथीची पाऊणपट करायची, की भरती साधारण किती वाजता पूर्ण होईल ते कळतं. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या आसपास. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा. तिथून सहा तास आणि वर दहा-बारा मिनिटं गेली की ओहोटी पूर्ण. हा हिशेब आमच्याकडे न शिकलेली म्हातारी माणसंही बोटांवर करतात. त्यात अर्धा तास इकडे-तिकडे होतो, पण तुमची चूक अर्ध्या तासाची नव्हती.

तुम्ही आलात अमावास्येला. म्हणजे उधाणाचे दिवस. उधाणाला भरती जशी जास्त वर चढते, तशी ओहोटीही जास्त खाली उतरते. संध्याकाळी साडेपाचला समुद्र पार लांब गेलेला, आणि समोर एरवी पाण्याखाली असणारी सपाट, ओली, चकचकीत पुळण उघडी पडलेली. तुम्हाला वाटलं, काय हायवे आहे! आणि तुम्ही गाडी नेऊन थेट पाण्याच्या कडेला लावलीत. महिन्याभरातली सगळ्यात खालची जागा सगळ्यात चुकीच्या वेळी इतकी अचूक सापडणं, याला दैवी देणगीच लागते.

पुढचं गणित आमच्या मच्छीमारांना न शिकवता येतं. ओहोटी संपल्यावर पाणी एकसारखं चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढायच्या पाण्याचा बारावा हिस्सा चढतो, दुसऱ्या तासात दोन हिस्से, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन. म्हणून पहिला तासभर वाटतं की समुद्र जागचा हललेलाच नाही. तुम्ही तेवढ्यात खुर्च्या मांडल्या, चहा झाला, चहानंतरचंही झालं. साडेसातनंतर पाणी खऱ्या अर्थानं निघतं. आमच्या किनाऱ्याला उतार मंद आहे. पाणी उंचीनं दोन मीटर चढलं तरी पुळणीवर ते शंभर मीटर आत येऊ शकतं. आठच्या सुमारास तुमच्यापैकी एक जण ‘अरे, पाणी आलं’ असं ओरडला, तेव्हा आमच्या खळ्यात बसलेली माणसं एकमेकांकडे बघून फक्त हसली. ती आधीच ट्रॅक्टरवाल्याला फोन करून बसली होती.

मग तुम्ही गाडी सुरू केलीत आणि ॲक्सिलरेटर दाबलात. अजून दाबलात. या एका कृतीत सबंध मध्यमवर्गीय जीवनदृष्टी आहे, पण तो विषय वेगळा. वाळूत चाक फिरलं आणि गाडी हलली नाही, की ते चाक खड्डा खणत असतं. तुम्ही चार खड्डे खणलेत आणि गाडीचं पोट वाळूला टेकवलंत. त्यात कडेच्या वाळूची एक खोड आहे. लाट येऊन गेली की तिच्यात पाणी भरतं, कण सुटे होतात आणि वरचं वजन खाली जाऊ लागतं. चाकाभोवतून पाणी वळताना वाळू काढूनही नेतं. लाटेत उभं राहिल्यावर टाचांखालची वाळू सरकते, त्या गुदगुल्यांना तुम्ही लहानपणी हसला असाल. तुमच्या गाडीला तेच होत होतं, फक्त तिचं वजन दोन टनांच्या आसपास होतं.

‘फोर-बाय-फोर लावलंय का?’ असं ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं, तेव्हा तुम्ही फार अभिमानानं म्हणालात, ‘ऑटोमॅटिक आहे.’ त्यानं दुसरा प्रश्न विचारला नाही. साहेब, गाडी उंच असली, टायर जाड असले आणि मागं बिल्ला असला म्हणजे चारही चाकांना जोर जातोच असं नाही. रस्त्यावरच्या बहुतेक एसयूव्ही दोनच चाकांवर चालतात, उरलेली दोन सोबतीला असतात. आणि खरोखरच चारही चाकं ओढत असली, तरी तुमचा लो गिअर कुठं आहे, तो कधी टाकायचा, चाक फिरू न देणारी ती यंत्रणा वाळूत बंद करावी लागते का, हे गाडीसोबत आलेल्या जाडजूड पुस्तकात छापलेलं असतं. ते पुस्तक तुमच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीत अजून सीलबंद होतं. ते भिजलं नाही, एवढंच समाधान.

हवेचं तर विचारूच नका. शहरातून निघताना पेट्रोलपंपावर तुम्ही बत्तीस-पस्तीस पौंड हवा ठासून भरून घेतलीत. डांबरी रस्त्यावर ते बरोबर. पण वाळूवर उतरायचं असेल तर जाणते लोक हवा अठरा-वीसपर्यंत खाली आणतात, मऊ वाळूत त्याहूनही कमी करतात. टायर पसरतो, जमिनीवरचा त्याचा ठसा लांब होतो, वजन वाटलं जातं आणि गाडी वाळूत घुसण्याऐवजी वाळूवरून चालते. मग वेग कमी ठेवायचा, वळण मोठं घ्यायचं, नाहीतर सैल टायर रिंगवरून निसटतो. ब्रेक करकचून दाबायचा नाही, कारण पुढच्या चाकांसमोर वाळूचा बांध तयार होतो. थांबायचंच तर तोंड उताराकडे करून थांबायचं. परत रस्त्याला लागण्याआधी हवा भरायला स्वतःचा पंप हवा. फावडं हवं. चाकाखाली घालायच्या पट्ट्या हव्यात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुसरी गाडी हवी, जी लांब, कोरड्यात उभी असेल. तुमच्या सामानात यातलं एकही नव्हतं. बार्बेक्यूची शेगडी होती.

दोर बांधायचा प्रसंग आला तेव्हा तुम्ही जे केलंत ते बघून होडीवरचे तांडेलही गप्प झाले. गाडी ओढायला तिच्या सांगाड्याला पक्का बसवलेला हूक असतो. ऑस्ट्रेलियात ट्रेलर जोडायच्या गोळ्याला दोर बांधून गाड्या ओढताना तो गोळा तुटून बंदुकीच्या गोळीसारखा सुटला आणि माणसं मेली, म्हणून तिथं त्याबद्दल वारंवार बजावून सांगतात. तुम्ही जाळ्याचा जुना नायलॉन दोर मागून घेतलात आणि तो बंपरला बांधलात. ट्रॅक्टर पुढं गेला. बंपरही गेला. त्या रात्री सगळ्यात आधी सुखरूप किनाऱ्याला लागला तो तोच.

ट्रॅक्टरवाल्याचा दर तुम्हाला जास्त वाटला. ‘लूट आहे’ असं तुम्ही म्हणालात. त्याची बाजूही ऐका. खारं पाणी त्याच्याही बेअरिंगमध्ये जातं, त्याच्याही क्लचप्लेटा झिजतात, आणि भर अमावास्येच्या रात्री दुसऱ्याच्या हौसेपायी समुद्रात ट्रॅक्टर घालायला तो काही तुमचा मेहुणा नाही. त्याचं दरपत्रक आता वाडीत सगळ्यांना पाठ आहे. ओहोटीत ओढायचा एक दर. भरतीत दुप्पट. आणि मालक बाजूला उभा राहून सूचना देणार असेल तर तिप्पट.

मन खट्टू करून घेऊ नका, तुमची संगत मोठ्यांची आहे. २०२४ साली कच्छमध्ये मुंद्र्याजवळ दोन दांडग्या जीपगाड्या रील काढण्याच्या नादात समुद्रात अडकल्या होत्या. त्याच वर्षाच्या अखेरीस आपल्याच रायगड जिल्ह्यात रेवदंड्याच्या वाळूत एक महागडी इटालियन स्पोर्ट्सकार रुतली, आणि ती बाहेर काढली बैलगाडीनं. आम्हाला त्यात नवल वाटलं नाही. हर्णैच्या बंदरावर माशांचा लिलाव भरतो, तिथं होड्यांपासून किनाऱ्यापर्यंत मासळी बैलगाडीनंच येते. रुंद लोखंडी धावेची मोठी चाकं, सावकाश चाल, आणि पाणी कुठवर आलंय हे स्वतःच्या पायांना कळणारे दोन बैल. गाडीच्या कंपनीनं याला काय नाव दिलं असतं देव जाणे.

आता ज्यासाठी मुळात लिहायला बसलो, त्याकडे येतो. तुमची गाडी बुडाली याचं आम्हाला खरं तर फारसं दुःख नाही. विमा आहे म्हणालात. (इंजिनात पाणी गेल्यावर सुरू करायचा प्रयत्न केला तर साधी पॉलिसी बहुधा हात वर करते. इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलंय का, ते बघा. आणि क्लेमच्या फॉर्मवर ‘अपघाताचे कारण’ या रकान्यात काय लिहिलंत, ते आम्हाला जरूर कळवा.) आम्हाला दुःख वाटतं ते गाडी कडेला लावण्याआधी तासभर तुम्ही किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ज्या आठ-आठच्या नक्ष्या काढल्यात, त्यांच्याबद्दल.

नोव्हेंबर ते मार्च हा आमच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा हंगाम. वेळास, केळशी, आंजर्ले, गुहागर ही नावं तुम्ही ‘कासव महोत्सवा’च्या जाहिरातीत वाचली असतील. कदाचित एखाद्या फेब्रुवारीत तुम्ही मुलांना घेऊन पिल्लं बघायला येऊनही गेला असाल आणि ‘सो क्यूट’ म्हणाला असाल. मादी रात्री येते, भरतीच्या रेषेच्या वर दीड फूट खोल खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. मागं राहतो तो वाळूवरचा तिच्या येण्या-जाण्याचा माग. कासवमित्र पहाटे चालत निघतात ते हा माग शोधायला. माग सापडला तर घरटं सापडतं, अंडी काढून कुंपणाच्या आत हलवता येतात. सापडला नाही, तर ती कुत्र्यांना आणि कोल्ह्यांना सापडतात. आता सांगा, ज्या पुळणीवर रात्रभर तुमच्या टायरांची रांगोळी आहे, तिथं पहाटे तो माग कसा वाचायचा?

जी घरटी जागेवर राहतात, त्यांच्यावरची वाळू चाकांनी दाबली जाते. दीड-दोन महिन्यांनी बोटभर पिल्लं बाहेर येतात आणि उजेडाकडे चालू लागतात, कारण रात्री मोकळ्या किनाऱ्यावर सगळ्यात उजळ दिशा समुद्राची असते. तुमची टपावरची ती लग्नाची पट्टी आठवतेय? आणि समुद्राकडे निघालेल्या पिल्लासाठी टायरची चाकोरी म्हणजे भिंती असलेली गल्ली. ते तिच्यात पडलं की तिच्याच दिशेनं चालत राहतं.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ साली वेळासला कासवं राखायचं काम सुरू केलं, तेव्हा अंडी खाणारी-विकणारी माणसं याच गावांत होती. त्यांनीच नंतर पहारा सुरू केला. २०२२ च्या जानेवारीत वेळासच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाचा टॅग बसवला, तिचं नाव ठेवलं प्रथमा. पुढं २०२५ साली गुहागरला एक मादी अंडी घालायला आली, तिच्या परावरचा टॅग ओडिशात २०२१ साली बसवलेला निघाला. म्हणजे बंगालच्या उपसागरातून निघून, सगळं दक्षिण टोक वळसा घालून, हजारो किलोमीटर पोहत ती बाई आमच्या किनाऱ्याच्या वाळूवर बरोबर पोचली. नकाशा नाही, आवाजी सूचना नाही. तुम्ही ताम्हिणीत दोनदा रस्ता चुकलात, असं तुमच्याच मित्रानं सांगितलं.

कायद्याचं थोडक्यात. ऑलिव्ह रिडले वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि त्या कायद्यात सरपटणाऱ्या वन्यप्राण्याच्या अंड्यांना किंवा घरट्याला धक्का लावणं हेही शिकारीतच मोडतं. शिक्षा तीन ते सात वर्षं. तुम्ही बंदूक न घेता, ब्लूटूथवर गाणी लावून शिकारीला निघाला होतात. सीआरझेडच्या अधिसूचनेत वाळूच्या टेकड्यांना हात लावायला मनाई आहे, तुम्ही सुरूच्या बनातून मर्यादवेलीवरून आडवी गाडी घातलीत. गोव्यात किनाऱ्यावर गाडी नेली की पोलीस गुन्हा नोंदवून गाडी जप्त करतात. आपल्याकडे पोलिसांना पाचारण केलं तर बहुधा भारतीय न्याय संहितेचं बेदरकार गाडी चालवण्याचं कलम २८१ लागतं, त्यातला दंड एक हजार रुपयांपर्यंत. तुमच्या सुरमई थाळ्यांचं बिल त्याहून जास्त झालं होतं. समुद्रापेक्षा सरकार स्वस्त आहे, हे तुम्ही अचूक ओळखलंत.

तरीही वाळूवर गाडी चालवायची हौस वाईट असं मी म्हणणार नाही. ती पुरवायच्या जागा आहेत. राष्ट्रीय महामार्ग ६६ धरून सरळ दक्षिणेला गेलात की कन्नूर आणि तलश्शेरीच्या मध्ये मुळप्पिलंगाड लागतं. चार किलोमीटरची घट्ट पुळण, समोर लाटांना अडवणारे काळे खडक, आणि तिथं गाड्यांना रीतसर परवानगी आहे. फार उत्साह असेल तर ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडला जा. ब्रिस्बेनला तुमचा मावसभाऊ असेलच, प्रत्येकाचा असतो. तिथून वर क’गारी नावाचं वाळूचं प्रचंड बेट आहे, २०२३ पर्यंत त्याला फ्रेझर आयलंड म्हणत. तिथला पंचाहत्तर मैल नावाचा किनारा सरकारी दफ्तरात चक्क रस्ता म्हणून नोंदलेला आहे. पण आधी परवाना काढावा लागतो. वेगाची मर्यादा ताशी ८० किलोमीटर. भरतीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास किनाऱ्यावर गाडी न नेण्याचा सल्ला. मध्येच आकाशातून लहान विमान उतरतं, कारण तीच त्याची धावपट्टीही आहे, आणि तुम्ही बाजूला व्हायचं असतं. तिथं पोलीस फुंकर मारायला लावतात, तेव्हा चहानंतरचं तेवढं घरी ठेवून जा.

अमेरिकेत फ्लोरिडात डेटोनाच्या किनाऱ्यावर तर गाड्यांची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. तिथं वेग ताशी १० मैल, म्हणजे आमच्या एखाद्या सायकलवाल्या पोरानं मागं टाकावं इतका. १९९५ साली तिथल्या काउंटीवर खटला भरला गेला आणि त्यात वादी म्हणून नाव लागलं ते लॉगरहेड कासवाचं. तेव्हापासून रात्री गाड्या बंद, वाळूच्या टेकड्यांलगतचा पट्टा खांब लावून राखलेला, आणि हंगामात सकाळी घरट्यांची पाहणी झाल्याशिवाय फाटक उघडत नाही. जिथं परवानगी आहे, तिथले नियम हे असे. तुम्ही आमच्या कासवमित्राला ‘बीच काय तुझ्या बापाचा आहे का?’ असं विचारलं होतंत. तो बिचारा गप्प बसला. डेटोनात हे विचारून बघा, आणि उत्तर आम्हालाही कळवा.

तेव्हा पुढच्या सहलीचं नियोजन असं करा. पंचांग बघा. गाडीचं पुस्तक फोडा. हवा, फावडं, पंप, दुसरी गाडी, परवाना, सगळं जमवा. एवढं झाल्यावर मुळप्पिलंगाडच्या दिशेला निघा. वाटेत आमचं गाव लागतं. थांबा, जेवा, गाडी नारळाच्या वाडीत सावलीला लावा आणि पुळणीवर चपला हातात घेऊन या. पहाटे आलात तर कासवमित्र माग दाखवेल. तो तुमच्यावर रागावलेला नाही, त्याला रागवायला वेळ नसतो, त्याला सहा किलोमीटर चालायचं असतं.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
पुळणीवरचा एक रिकामटेकडा

ता. क. आपला पुढचा बंपर इथंच आहे. नंबर प्लेट त्यालाच होती, त्यामुळे पोलीस पाटलांनी तो घरी नेऊन पावती करून ठेवलाय. न्यायला याल तेव्हा एसटीनं या. दापोली आगारातून गाड्या आहेत, आणि कंडक्टरशी नीट बोललात तर टपावर टाकूही देईल.